फळीवरचा विठोबा

माझा थोरला भाऊ विठोबा तारी वयाच्या बासष्टाव्या वर्षी शर्यतीत उतरला. शर्यत कसली म्हणाल, तर पाण्यावर एक फळी टाकायची, तिच्यावर दोन पायांवर उभं राहायचं, हातात शीड धरायचं आणि वारा नेईल तिकडे जायचं. वारा नेईल तिकडे नव्हे, आपल्याला हवं तिकडे, असं शिकवणारी पोरगी सारखं बजावायची. पण पहिले आठ-दहा दिवस तरी दादाचं सगळं वाऱ्याच्याच मर्जीवर चाललं होतं.

मी तुळसा. मालवणच्या बाजारात मासे विकते. लग्न त्याच वाडीत झाल्यामुळे माहेर काही सुटलं नाही. दादाच्या चुलीवर काय शिजतंय ते मला माझ्या पडवीत कळतं आणि माझ्या घरात कोण ओरडतंय ते त्याला कळतं. ओरडणारी बहुतेक मीच असते. आमच्या तोंडी मालवणी, पण तुम्हांला नीट समजावं म्हणून जमेल तेवढं शुद्ध सांगते. मध्येच जीभ घसरली तर सांभाळून घ्या आणि तक्रार करू नका, कारण तक्रार ऐकून घ्यायची मला सवय नाही.

दादा साधा माणूस, पण महाहट्टी. चहा बशीतूनच पिणार. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं कमी पडली असं वाटलं, तर रुक्मिणी वैनीला एक शब्द बोलणार नाही, ताटाशी बोलत बसणार. नाव विठोबा, बायको रुक्मिणी, त्यामुळे सगळी वाडी उभ्या जन्मात त्याची थट्टा करत आली. तो कुणाला उलट बोलला नाही. बोलण्यापेक्षा होडीत जाऊन बसणं त्याला बरं वाटायचं. सोळाव्या वर्षापासून तो समुद्रात जातोय. आधी शिडाची होडी होती, मग तिलाच इंजिन लागलं. होडी तीच. दर पावसाळ्याआधी ती वर ओढायची, माडाच्या झावळ्यांच्या झापांनी शाकारायची आणि रोज सकाळी जाऊन झापं उचकून आत बघायचं, हा त्याचा नेम. आत काय बघतोस म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाला, ती बरी आसा मां ता बघतंय.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या वाडीच्या उत्तरेला समुद्रात खडप आहे, म्हणजे काळ्या खडकांची रांग. तिच्या टोकावर आमचा राखणदार. देऊळ नाही, मूर्ती नाही, नुसता एक उभा दगड आणि लाल निशाण. बाहेर जाणारी आणि परत येणारी प्रत्येक होडी त्याच्यासमोरून जाते आणि प्रत्येक होडीतून त्याला नमस्कार होतो, दोन्ही हात जोडून. पण ज्याच्या एका हातात सुकाणू आणि दुसऱ्या हातात शिडाची दोरी, त्याने हात कुठून आणायचे? त्याचीही आमच्याकडे सोय आहे. होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, जो बसलेला असेल तो सगळ्यांच्या वतीने हात जोडतो. एकाने जोडले की होडीतल्या सगळ्यांचे पोचले. दादाच्या होडीत हे काम स्वरूपचं होतं.

स्वरूप हा दादाचा एकुलता एक मुलगा. लहानपणी सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर होडीत जायचा, नाळेवर बसायचा आणि खडप आलं की मोठ्या ऐटीत हात जोडायचा. एकदा काय झालं, पहाटे उठवलेलं पोर, परतीच्या वाटेवर नाळेवरच झोपलं. मी किनाऱ्यावर पाटी घेऊन उभी. होडी अगदी जवळ आली, आतल्या पेडवे माशांची चमक मला दिसायला लागली, आणि होडीने तोंड फिरवलं. माझ्या डोळ्यांदेखत परत खडपाकडे गेली. का, तर झोपेत पोराचा नमस्कार राहिला होता. पोराला उठवून, हात जोडायला लावून मगच दादा परत आला. तोवर मालवणचा बाजार अर्धा उठला होता. त्या दिवशी मी किनाऱ्यावर जे काही बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. शिरा पडो, यापासून सुरुवात होती एवढं सांगते.

पुढे स्वरूप शिकला, सिंधुदुर्गनगरीला, म्हणजे आमच्या तोंडी ओरोसला, सरकारी कचेरीत लागला, लग्न झालं, तिथेच क्वार्टर मिळालं. पोर गुणी आहे, त्यात वाद नाही. पण कचेरीतली भाषा त्याच्या अंगी मुरली. घरी मालवणीत बोलेपर्यंत काळजी नसते. तो शुद्ध बोलायला लागला की ओळखावं, याने काहीतरी ठरवलंय आणि आता हा ऐकणार नाही. इकडे नाळ रिकामी झाली. दादा एकटाच जायचा, आणि खडप आलं की इंजिनाचा दांडा काखेत धरून स्वतःच हात जोडायचा.

दिवाळीनंतर एक दिवस दादा दुपारपर्यंत परत आला नाही. धनेश म्हणजे आमच्याच वाडीतला, पर्यटकांना बोटीतून फिरवणारा मुलगा, तो बघायला गेला. होडी खडपाच्या पलीकडे इंजिन बंद करून नुसती हलत होती आणि आत दादा डोकं धरून बसला होता. चक्कर आली होती. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, रोजची गोळी सांगितली आणि एकट्याने समुद्रात जाऊ नका म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने स्वरूप आला, पायही न धुता पडवीत बसला आणि म्हणाला, "बाबा, आता आपल्याला निर्णय घ्यावा लागेल." शुद्ध मराठी. वैनीने आणि मी एकमेकींकडे बघितलं.

निर्णय त्याने आधीच घेऊन ठेवला होता. होडी विकायची, विजयदुर्गचा एक माणूस घ्यायला तयार होता, आणि दोघांनी ओरोसला त्याच्याकडे राहायला जायचं. एक खोली तुमच्यासाठी रिकामी करतो म्हणाला. दादाने एवढंच विचारलं की थंयसून समुद्र दिसता काय. गच्चीवरून डोंगर दिसतो, स्वरूप म्हणाला. दादा उठून होडीकडे गेला. असं दोन-तीन महिने चाललं. पोरगा दर शनिवारी येऊन तेच बोलायचा आणि दादा दर शनिवारी होडीकडे जायचा.

त्याच सुमाराला आमच्या किनाऱ्यावर मोठा फलक लागला. शनिवार-रविवार शिडाच्या फळ्यांची शर्यत, मुलांचा गट, मोठ्यांचा गट आणि पन्नाशीपुढच्यांचाही गट. हे सगळं तन्वीचं. तन्वी म्हणजे किनाऱ्यावर पाण्यातले खेळ शिकवणारी मुलगी, मूळची वालावलची. घरी भात आणि काजू, सात पिढ्यांत कुणी समुद्राच्या पाण्यात पाय घातलेला नाही, आणि ही गोव्याला जाऊन फळीवर उभं राहायला शिकून आली. दादा तिला शेतकरीण म्हणायचा. तिच्या पन्नाशीपुढच्या गटात मोजकीच माणसं भरली होती आणि अजून एखादा गडी मिळावा म्हणून ती वाडीभर सांगत फिरत होती.

त्या शनिवारी स्वरूपचा तोल गेला. जेवताना म्हणाला, ज्या माणसाला होडीत बसून चक्कर येते त्याने समुद्रात जाण्याची भाषा करू नये. दादाने ताटातून वर बघितलं. बसान चक्कर येता, म्हणाला, उभो रवलंय तर येवची नाय. आणि मग सरळ सांगून टाकलं की त्या पोरीच्या शर्यतीत मी उतरतोय. वैनीला ठसका लागला. स्वरूपला आधी ती थट्टाच वाटली. मग तो चिडला, आणि चिडला की तो कागदावर लिहिल्यासारखं बोलतो.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तीन फेऱ्या. कुणी उचलून न आणता पूर्ण केल्यात, तर होडीचं नाव मी पुन्हा काढणार नाही. उचलून आणावं लागलं, तर सोमवारी विजयदुर्गचा माणूस येईल आणि तुम्ही माझ्याबरोबर चलायचं."

"तुळशे, आयकलंस मां?" दादा म्हणाला. मी ऐकलं म्हणून सांगितलं. साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली ती अशी, हातात माशाचा काटा असताना.

मी दादाला आधी डॉक्टरांकडे ओढत नेला. ते हसले, पण गोळी नियमित असेल, अंगात जाकीट असेल आणि किनाऱ्याजवळ असाल तर जा म्हणाले. मग शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी तन्वीने फळी आणून ठेवली तर दादा म्हणाला, थांब. खिशातून हळदकुंकू काढून फळीच्या टोकाला लावलं, अगरबत्ती ओवाळली आणि नारळ उगारला. पोरगी मध्ये आडवीच पडली. फळी आतून पोकळ असते, फुटेल, म्हणून ओरडायला लागली. शेवटी नारळ बाजूच्या दगडावर फुटला, आणि खोबरं वाटेपर्यंत वारा पडला. दुसऱ्या दिवशी तिने अंगाला घट्ट बसणारा काळा रबरी पोशाख दिला. तो घालून दादा बाहेर आला तेव्हा रुक्मिणी वैनी वाळूत बसली ती हसून हसून उठेना. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिला मी असं हसताना बघितलं नव्हतं. दादाने तो पोशाख काढला तो पुन्हा घातला नाही. खाकी अर्धी चड्डी, वर नारिंगी जाकीट आणि डोक्याला पंचा, असा तो शेवटपर्यंत राहिला.

पडला तो खूप. पाय ठेवला की पडायचा, शीड उचलताना पडायचा, शीड उचलल्यावर वाऱ्याने ओढला की फळीवरून पुढे उडून पडायचा. अर्धं आयुष्य शिडाच्या होडीत काढलं म्हणून फळी त्याला भीक घालेना. होडीत आपण बसतो आणि शीड डोलकाठीला असतं. इथे डोलकाठी आपणच. शिडाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरायचा, मागे रेलायचं आणि धरून राहायचं. हात सुटला की शीड पाण्यात आणि आपण उताणे. वाडीतली पोरंबाळं संध्याकाळी हेच बघायला जमायला लागली. पण हट्टी माणूस. दोन आठवड्यांत उभा राहायला लागला, तिसऱ्यात वळायला लागला, आणि एका संध्याकाळी समुद्रात ठेवलेल्या तांबड्या पिंपापर्यंत जाऊन त्याला वळसा घालून परत निघाला. मी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या थांबायच्या आत तो पडला.

त्यानंतर रोज तिथेच. जाताना वाट खडपापासून लांबून, तेव्हा बरा, पिंपाला वळसा बरा, आणि परतीला तोंड केलं की खडपासमोर धप्प. तन्वी हैराण झाली. खडकावरून वारा वळतो म्हणाली. मग टाचांवर भार पडतो म्हणाली. पाय ठेवायच्या जागा बदलल्या, शीड लहान दिलं. काही नाही. शर्यतीचा रस्ता तोच, पिंप तेच, आणि फेऱ्या तीन. मी दोन दिवस किनाऱ्यावरून डोळे बारीक करून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी मला कळलं. वैनीसमोर बोलले नाही, दादाला एकट्याला गाठला.

हात जोडतोस ना, म्हणून विचारलं. तो लहान पोरासारखा खाली बघायला लागला. मग म्हणाला, राखणदार समोर येता मगे काय करू. मी म्हटलं, एका हाताने कर. तर म्हणे, एका हातान पोलिसाक सलाम करतत. मग नुसती मान हलव म्हटलं. मान हलवूक तो काय माझो व्याही आसा काय, म्हणाला. मी कपाळावर हात मारला. शेवटी मीच तोड काढली की राखणदाराकडे जाऊन आधी रजा घेऊन ठेवू. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला आम्ही दोघं खडपावर गेलो. दादाने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं की बा राखणदारा म्हाराजा, रविवारी माझे दोनय हात अडकलेले आसतले, नमस्कार होवचो नाय, तर लेकराक सांभाळून घे. मी मागून होय म्हाराजा म्हटलं. लाल निशाण फडफडलं. आम्हांला वाटलं, सुटलो.

त्याच संध्याकाळी तो पुन्हा तिथेच पडला. ओला होऊन वर आला आणि मला हळूच म्हणाला, "देव आयकलो गो. हात आयकनत नाय."

मला हसूही आलं आणि रडूही. मी म्हटलं, मी स्वरूपला सांगते, तुझी ती चक्कर नव्हे हे त्याला कळू दे. तर एकदम करडा झाला. आपल्या गळ्याची शपथ घातली. देवाचा नाव पुढे करून मी सुटलंय, असा माझ्या झिलाक वाटता नये, म्हणाला. पडलंय तर पडलंय. आता अशा माणसाला काय करायचं सांगा.

रविवार उजाडला. किनाऱ्यावर मंडप, भोंगा, वडापावच्या गाड्या, अख्खी वाडी. शनिवारी पोरांच्या शर्यती झाल्या होत्या, त्या कुणी लक्ष देऊन बघितल्या नाहीत. आज विठोबा फळीवर उभा राहणार म्हणून बाया सकाळचा स्वयंपाक उरकून आल्या होत्या. पन्नाशीपुढच्या गटात सातजण. त्यातले एक कोल्हापूरचे दातांचे डॉक्टर, दोघं मुंबईचे, बाकीचे गोव्याकडचे, सगळे काळ्या रबरी पोशाखात, आणि मध्ये आमचा खाकी चड्डीत. दुपारचा वारा उठला तसा मला धीर धरवेना. सुरक्षेची रबरी बोट धनेश चालवणार होता. त्यात स्वरूप आधीच चढून बसलेला, आणि पांढरी टोपी घातलेले, शिट्टी गळ्यात अडकवलेले एक पंच. मीही लुगडं खोचून चढले. पंच म्हणाले, बाई, इथे कुणालाही बसता येत नाही. मी कनवटीची गोळ्यांची पुडी दाखवली आणि सांगितलं की सात नंबरच्या माणसाचं औषध माझ्याकडे आहे, मला उतरवलंत तर औषधही उतरेल. त्यांनी सरकून जागा दिली. माणूस चांगला होता, उगाच कशाला खोटं सांगू.

भोंगा वाजला. सहाजण निघाले, सातवा डोक्याचा पंचा नीट करून निघाला. पहिल्यांदाच सांगते, मला अभिमान वाटला. पाठ ताठ, पाय घट्ट, वाऱ्यावर रेललेला. होडीत बसलेला दादा मी जन्मभर बघितला होता, पण हा असा उभा कधी बघितला नव्हता. पिंपाला वळसा घातला, परतीला तोंड केलं, खडप समोर आलं, आणि दोन्ही हात सुटले. शीड सपाट. दादा उताणा.

"चक्कर," स्वरूप म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी ओठ घट्ट मिटून बसले. दादा वर चढला, शीड उचललं, गेला.

दुसऱ्या फेरीत बाकीच्यांनी त्याला कधीच मागे टाकलं होतं. पुन्हा तेच खडप, पुन्हा तेच हात. या वेळी पडला तो जरा वाईट, शिडाचा दांडा खांद्यावर आला. फळीला धरून बराच वेळ तसाच राहिला, छाती वर-खाली होत होती. धनेशने बोट जवळ नेली. दादाने हात हलवून नको म्हटलं. मग गुडघ्यावर आला, मग उभा राहिला, पण सावकाश. पंचांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वरूपकडे. म्हणाले, यांचं वय बघता आता पुन्हा पडले तर मी उचलणार, नियम आहे आणि जबाबदारीही माझी आहे.

"उचला," स्वरूप म्हणाला. "माझी हरकत नाही."

त्याचं ते शुद्ध मराठी ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. शपथ गेली खड्ड्यात. गळा दादाचा होता, पण पोरगा आमच्या सगळ्यांचा होता, आणि तो बापाला आजारी समजून पाण्यातून उचलायला बसला होता. मी त्याचं बखोट धरलं.

"चक्कर नाय रे मेल्या ती," मी म्हटलं. "हात जोडता तो. नाळेर आता कोण आसा ताच्या?"

स्वरूपने खडपाकडे बघितलं, लाल निशाणाकडे, आणि मग पुढे जाणाऱ्या शिडाकडे. एवढा मोठा माणूस, दोन पोरांचा बाप, कचेरीत ज्याच्यासमोर लोक रांग लावतात, त्याचा चेहरा हळूहळू त्या झोपेतून उठवलेल्या पोरासारखा झाला. माझी पकड आपोआप सुटली. मला आणखी चार शब्द बोलायचे होते, पण ते मी गिळले.

शेवटची फेरी. बाकीचे सहाजण किनाऱ्यावर जाऊन सोलकढी प्यायला लागले होते. समुद्रात एकच शीड. वारा वाढला होता आणि दादा पार वाकला होता, तरी पिंपाला वळला. धनेशने बोट खडपाच्या अलीकडे आणून उभी केली. पंच उचलायच्या तयारीने बोटीच्या काठाशी सरकून बसले. दादाने परतीला तोंड केलं. राखणदार समोर आला. आणि मला दिसलं, त्याच्या उजव्या हाताची बोटं दांड्यावरून सैल व्हायला लागली.

स्वरूप उठला. बुटासकट बोटीच्या पुढच्या टोकाला गेला, तिथे दोन्ही गुडघे टेकले, लहानपणी बसायचा तसा, आणि छातीच्या देठापासून ओरडला.

"बाबा, धरून रवा. तुमचो नमस्कार मी करतंय."

आणि हात जोडले. डोळे मिटून, मान वाकवून, दोन्ही हात. धनेशनेही इंजिनावरचा हात काढून दोन्ही जोडले. मी तर केव्हाच जोडले होते. दादाने एकदा आमच्याकडे बघितलं. त्याची बोटं सैल होता होता थांबली आणि पुन्हा दांड्यावर घट्ट बसली. शीड भरलं. आमच्यासमोरून, राखणदारासमोरून, खाकी चड्डीतला विठोबा फळीवर उभाच्या उभा निघून गेला. मला समोरचं नीट दिसेना, डोळ्यांत पाणी आलं होतं. खारं पाणी उडालं असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

पंचांनी विचारलं की हा काय प्रकार, ही बाहेरून मदत तर नव्हे. मी म्हटलं, साहेब, फळीला हात लावला का कुणी? त्यांनी थोडा विचार केला. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खडपाच्या दिशेने त्यांनीही नमस्कार केला, सुरक्षित असावं म्हणून असेल.

दादा सातजणांत सातवा आला. किनाऱ्यावर जो आरडाओरडा झाला तो पहिल्या आलेल्या दातांच्या डॉक्टरांसाठी झाला नव्हता. तन्वी पाण्यात धावत गेली आणि तिनेच फळी धरली. वैनीने टॉवेल गुंडाळला, मी गोळी दिली. स्वरूप बूट ओले करून समोर उभा. बाप-लेक दोघे सारखेच घुमे. शेवटी दादाने पंच्याने तोंड पुसलं.

"आज जागो रवलंस," तो म्हणाला.

स्वरूपने त्याच जागी वाकून बापाच्या ओल्या पायांना हात लावला. मग बाजूला जाऊन विजयदुर्गच्या माणसाला फोन केला. मला फक्त एवढंच ऐकू आलं की होडी विकूची नाय. मालवणीत बोलला, म्हणजे मनापासून बोलला.

अट एकच घातली त्याने, आणि ती दादाला पटली. एकट्याने जायचं नाही. सोमवार ते शुक्रवार होडी किनाऱ्यावर, आणि शनिवार-रविवारी स्वरूप ओरोसहून येणार आणि नाळेवर बसणार. दादा अजून रोज सकाळी जाऊन आत बघतो, ती बरी आहे ना म्हणून. फळीकडे मात्र त्याने पुन्हा ढुंकून बघितलं नाही. तन्वी पुढच्या वर्षीचं विचारायला आली तर म्हणाला, शेतकरणी, तुझ्या फळयेक नाळ बसव, मगे येतंय.

परवाच्या शनिवारची गोष्ट. मी नेहमीसारखी पाटी घेऊन किनाऱ्यावर उभी. बाजाराची वेळ झालेली. होडी दिसली, जवळ आली, आतल्या पेडव्यांची चमक दिसायला लागली. नाळेवर स्वरूप होता, आठवडाभर कचेरीत राबून शुक्रवारी रात्रीच्या बसने आलेला, मान छातीवर टेकलेली. मी पाटी पुढे केली आणि होडीने तोंड फिरवलं. सरळ खडपाकडे निघाली. मी तोंड उघडलं होतं, शिरा पडो एवढं जिभेवर आलंही होतं. मग पाटी वाळूत उलटी घातली, तिच्यावर बसले आणि दोघं परत येईपर्यंत वाट बघितली.